काळ्या गाडीचं कलम

मी, खाली सही करणारी, एका दंतवैद्याची विधवा आणि एका वकिलाच्या कचेरीत सारी नोकरी टाइप करण्यात घालवून निवृत्त झालेली बाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि चहा घेऊन झाल्यावर लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत. येत्या आठवड्यात दोन्ही गुडघे बदलायचे ठरले आहेत. माझं हृदय जरा कच्चं असल्यामुळे भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं ठीकच होईल, पण तरी..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. मी लोकांची मृत्युपत्रं टाइप केलेली आहेत. "पण तरी"च्या पुढे काय असतं ते मला त्यांनी सांगायची गरज नव्हती.

यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेलं नाही. रागाच्या भरात तोंडी बरीच केली. ती सर्व रद्द समजावीत.

कलम १. माझं राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. घर विकायचं की ठेवायचं हे तिने ठरवावं, माझी हरकत नाही. फक्त दोरीवरचे माझे कपडे वाळेपर्यंत तरी थांबावं.

कलम २. पुढच्या खोलीतली दात काढायची खुर्ची, तिच्या दिव्यासकट आणि चूळ भरायच्या भांड्यासकट, जावईबापूंना द्यावी. त्यांनी माझ्या गाडीकडे बघून "आई, हे भंगार काढून टाका" असं एकदा नव्हे, दर भेटीत म्हटलेलं आहे. खुर्चीत बसल्यावर तोंड उघडावं लागतं, आणि ती सवय त्यांना आहेच.

कलम ३. हॉलमधला मोठा आरसा जाऊबाईंना. मी या घरात आले त्या दिवसापासून त्यांचा त्यावर डोळा आहे. आरसा विनाअट देते. त्यात त्यांनी एकदा स्वतःकडे नीट बघावं अशी इच्छा आहे, पण इच्छा कायद्याने बंधनकारक नसते.

कलम ४. आता गाडी.

काळी, लांबलचक, आठ सिलिंडरची ही गाडी आमच्या ह्यांनी एका हॉटेलमालकाकडून जुनीच घेतली. पायाने नुसतं विचारलं तरी धावत सुटणारी. दात काढणाऱ्या माणसाला इतक्या ताकदीची गाडी कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. हे म्हणाले, "दिवसभर लोक मला बघून पळतात. मलाही एकदा पळू द्या." आणि मग त्यांनी ती जन्मभर पायी चालणाऱ्यांच्या मागून चालवली.

हे मृत्युपत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना गाडीतलं काही कळत नाही, म्हणून खुलासा करते. इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट बसवलेलं नसतं. मध्ये रबराच्या जाड उशा असतात, त्यांना माउंटिंग म्हणतात. आमच्या गाडीच्या उशांत तर तेलही भरलेलं असतं. इंजिनाची सगळी थरथर त्या पोटात घेतात, म्हणून आत बसलेल्या माणसाला वाटतं की गाडी फार शांत स्वभावाची आहे. जुन्या झाल्या की रबराला भेगा पडतात, तेल गळतं आणि गाडीचा खरा स्वभाव बाहेर येतो. हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याचा फोटो दाखवून "मधली गादीच गेलीय" असं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे माउंटिंग गेलं." ते हसले. मी हसले नाही.

सध्या ही गाडी सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंग लटलटतं, आरशात मागचा एक पोलीस दोन दिसतो आणि माझी कवळी वाजते. दंतवैद्याच्या बायकोची कवळी चौकात वाजावी, याहून मोठी नामुष्की मला ठाऊक नाही. परवा एका स्कूटरवाल्याने काचेवर टकटक करून विचारलं, "आजी, थंडी वाजतेय का?"

याला जबाबदार माझा धाकटा भाऊ आहे. त्याला सगळे बारक्या म्हणतात. तो दारातून आत येतो तेव्हा खोलीत अंधार होतो, पण नाव लहानपणी पडलं ते पडलं. त्याचं गॅरेज आहे आणि हात चांगला आहे, हे मी रागात असूनही लिहिते.

आमची कामाची एक रीत होती. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवायची, तो खाली आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर. ऑइलच्या चेंबरखाली लाकडी फळी धरून जॅकने इंजिन जरासं उचलायचं, जुनी माउंटिंग काढायची, नवी लावायची, पण बोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवायचे. मग इंजिनाचं वजन खाली सोडायचं आणि तो ओरडायचा, "ताई, स्टार्टर मार!" इंजिन चालू झालं की अंग हलवत आपली जागा शोधतं. ते बसलं की मगच पाना घेऊन आवळायचं. आधीच आवळलं तर रबर पिळलेलं राहतं आणि फाटतं.

मागच्या वेळी इंजिन जॅकवर असताना खालून हा म्हणाला, "भाऊजींना गाडी चालवता येतच नव्हती गं. सारखा ब्रेक, सारखा ब्रेक. त्यांनीच ही माउंटिंग खाल्ली." हे जाऊन वर्षही झालं नव्हतं.

मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याला नावं ठेवायची असतील तर बाहेर ये आणि तोंडावर बोल."

"आता कसा येऊ? इंजिन लटकलंय!"

"लटकू दे मग."

आणि मी किल्ली घेऊन घरात निघून गेले. बारक्याने इंजिन चालू न करताच बोल्ट आवळले आणि तोही निघून गेला. माउंटिंग फाटली. तो जगाला सांगतो, "ताई किल्ली घेऊन गेली." माझं म्हणणं असं की, हाक मारायची होती. हाक मारायला काय पैसे पडतात? तेव्हापासून आम्ही बोलत नाही.

तरीही ही गाडी मी बारक्याला देते, कारण तिला हात लावायची अक्कल दुसऱ्या कोणात नाही. अट एकच. त्याने नवी माउंटिंग लावावीत आणि या वेळी इंजिन चालू करून, नीट बसू देऊन, मग आवळावं.

इथे मी बराच वेळ लिहायची थांबले. माझ्या पश्चात सीटवर कोण बसणार? मुलीला गाडी लागते, तिला उभ्या गाडीतही मळमळतं. जावईबापू आधी भाषण करतील, मग स्टार्टर मारतील. बारक्या खालून हाक मारेल आणि वरून ओ येणार नाही, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. मला त्याची फार आठवण येते. मृत्युपत्रात असं लिहायची पद्धत नाही, पण मी लिहून ठेवते.

पुरवणी. वरचा मजकूर तयार झाल्यावर आज सकाळी सहीसाठी साक्षीदार बोलावले. खालच्या मजल्यावरचा शिंपी आला. दुसरा साक्षीदार औषधांच्या दुकानाचा मालक होता, त्याने ऐन वेळी अंग काढून घेतलं. माझ्या मुलीने मला न विचारता मामाला फोन केला. खोलीत अंधार झाला म्हणून मी मान वर केली, तर बारक्या.

साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. त्याने उभ्या उभ्या सगळा वाचला. मग पेनासाठी हात पुढे केला.

मी म्हटलं, "तू सही करू नकोस. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही द्यायचं नसतं. आमचे वकीलसाहेब असा कागद फाडून टाकायचे. सही केलीस तर गाडी तुझ्या हातची जाईल."

"नक्की जाईल?"

"नक्की."

"मग दे पेन."

"अरे, तुझ्याशिवाय कोणाला देऊ ती?"

"कोणाला कशाला द्यायची? तू नसताना ती गाडी घेऊन मी काय करू, ताई? खाली पडून कोणाला हाक मारू? मला नको ती." त्याने पेन माझ्या हातातून ओढून घेतलं. "मुकाट्याने ऑपरेशन कर आणि घरी ये. माउंटिंग केव्हाची आणून ठेवलीत मी."

"मग आला का नाहीस?"

"किल्ली तुझ्याकडे."

"मागायची होती."

"द्यायची होतीस."

शिंपी म्हणाला, "मी इस्त्री चालू ठेवून आलोय. सही कुठे करायची तेवढं सांगा." त्याला इस्त्री बंद करून यायला सांगितलं आणि आम्ही सगळे खाली गेलो.

हा शेवटचा भाग मी गाडीत बसून लिहिते आहे. मला सीटवर चढवताना मुलीने ओढलं आणि शिंप्याने ढकललं. त्याबद्दल त्याने पुढे कुठेही चर्चा करू नये. नवी माउंटिंग लागली आहेत, बोल्ट ढिले आहेत, इंजिन चालू आहे. बारक्या खालून ओरडतोय, "बंद करू नकोस, अजून बसतंय!" मला काही घाई नाही.

कलम ४ रद्द. गाडी कोणालाही दिलेली नाही. ती मला लागणार आहे.

स्थळ : घराखालची गाडी लावायची जागा
दिनांक : ऑपरेशनच्या आधीचा रविवार

लिहून ठेवणार : ताई (सही)

साक्षीदार पहिला : शिंपी. वर लिहिलेल्या बाईंनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार दुसरा : धाकटा भाऊ. ताईने सही केली ती मी पुढच्या चाकाशेजारून मान बाहेर काढून पाहिली. (सही. शेजारचा डाग इंजिन ऑइलचा आहे, खाडाखोड समजू नये.)