आरामखुर्ची कोणालाही देऊ नये

मी, या गल्लीत ‘गादीवाली’ म्हणून ओळखली जाणारी, वय अडुसष्ट, माझ्या पश्चात काय करावे ते लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. खुब्याबद्दल त्यांनी तसे काही लिहून दिलेले नाही. सोमवारी ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणायला घरात कोणाला वेळही नाही.

१. दुकानामागचे राहते घर मुलाला आणि सुनेला, दोघांच्या नावे. सुनेचे नाव आधी लिहावे. मला उठवते-बसवते ती.

२. बँकेतल्या ठेवीतून दवाखान्याचे बिल भागवावे. उरलेच तर नातीच्या शिक्षणाला द्यावे.

३. आरामखुर्ची. माझी पाळी गेली त्या वर्षी ह्यांनी ती स्वतः बनवली. तोवर मी आमच्या गादी-सोफ्यांच्या दुकानात सांगाडे उचलत होते, नवारीचे पट्टे ताणत होते, काथ्या भरत होते. जाऊबाई म्हणाल्या, “सुटलीस गं बाई.” हे म्हणाले, “आता हातोडी ठेव. बस जरा.” मायेनेच म्हणाले. मी बसले. दुपारी चहा-टोस्ट, रात्री भूक नाही म्हणून पुन्हा चहा. डाळ, अंडी, दही कामावर जाणाऱ्यांच्या ताटात. आधी पोट सुटले, मग हातातली पकड सुटली. मग मनगट मोडले, मणका खचला, आणि परवा न्हाणीघरात नुसती वळले तर खुबा गेला. ही खुर्ची मुलाने मागितली तरी देऊ नये. मोडून स्प्रिंगा वापराव्यात. लाकूड चांगले आहे.

४. दोन लोखंडी वजने सुनेला. पाळी गेली की हाडे ठिसूळ होऊ लागतात; तिची अजून चालू आहे, म्हणजे हाताशी वेळ आहे. मनगट मोडल्यावर व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी ती आणवली होती. त्या म्हणाल्या, “आजी, नुसतं चालून आणि कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन भागत नाही. स्नायूने हाडाला ओढ द्यावी लागते, तेव्हा हाड टिकतं.”

“म्हणजे पट्टे सैल पडले की सांगाडा डुगडुगतो, तसं.”

“तसंच. इतकं कळतं, तर आधी का नाही केलंत?”

“आधी तुम्ही शाळेत होतात.”

५. दुकान लेकीला. ह्यांच्यामागे तीच ते चालवते. यंदा तिचीही पाळी गेली. तिचा भाऊ म्हणतो, “ताई, दुकान भाड्याने देऊ, तू आता आराम कर.” तेच शब्द, तीच माया. म्हणून मी इथे अट लिहिली होती: दुकान भाड्याने देऊ नये, तिने रोज स्वतः काम करावे, आणि तिन्ही वेळा ताटात डाळ, अंडे, दही यांपैकी काही असावे. वकीलबाई म्हणाल्या, “अंड्याची अट कोर्टात टिकायची नाही.” तरी राहू दिली.

लेकीने काल ते वाचले. “आई, रात्रभर घामाने झोप नसते, सकाळी उठून सोफे उचलते. तुला बाबांनी बसवलं, मला तू उभी करतेस. मला कोणी विचारणार आहे का?”

अट खोडली आहे व तिथे सही केली आहे. दुकान तिचे. विकावे, भाड्याने द्यावे, कुलूप लावावे; भावाने मध्ये पडू नये.

पुढचे सांगणे आहे, अट नाही. बाळ, घामाचे आणि झोपेचे डॉक्टरांना सांग, सोसत बसू नकोस. हाडांची तपासणी करून घे. दुकान ठेव न ठेव, आठवड्यातून दोन-तीनदा काहीतरी जड उचल, पण शिकून; सोफे ओढून कंबर मोडते. आणि सगळ्यांबरोबर बसून जेव, उरलेले नको.

हे वाचून ती म्हणाली, “बघू.” मुलाच्या तोंडी ‘बघू’ म्हणजे नाही. तिच्या तोंडी काय, ते मला अजून कळलेले नाही. कळेपर्यंत थांबायची इच्छा आहे, पण ती या कागदात लिहिता येत नाही.

सर्व मजकूर स्वतः वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली. दोघांनाही यातून काही मिळायचे नाही.

सही: गादीवाली

साक्षीदार: व्यायाम शिकवणाऱ्या बाई, शेजारचे चष्मेवाले

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शुक्रवार