सातवी नस

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींना माझा नमस्कार सांग, आणि सासूबाईंना वेगळा, जरा वाकून सांग. तुझ्या पायांवरची सूज उतरली का? डाव्या कुशीवर झोपायला सांगितले आहे, तशीच झोपतेस ना?

मी ठीक आहे. दुकानात सध्या शाळांच्या रबरी शिक्क्यांचे काम जोरात आहे. 'मुख्याध्यापक' हा शब्द उलटा बसवताना ऱ्हस्व-दीर्घावरून मालकांची आणि माझी रोज हुज्जत होते. ते म्हणतात, "एवढं कोण बघतंय रे?" मी म्हणतो, "मुख्याध्यापक बघतील."

फोन न करता पत्र का, असे तुला वाटेल. तू फोन उचलत नाहीस, हे एक कारण. दुसरे माझ्याकडचे आहे. प, फ, ब, भ, म ही अक्षरे सध्या माझ्या तोंडातून नीट निघत नाहीत. ती ओठ मिटून म्हणायची असतात, आणि उजवीकडे माझे ओठ मिटत नाहीत.

घाबरू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच.

तू मला कळवलेस, "माहेरचं माणूस पहिल्यांदा जेवायला आलं आणि तोंड वाकडं करून बसलं. आता येऊ नकोस." मला फार लागले. पण माझी खोड तुला माहीत आहे. तुझ्या वाक्यात एक क्रियापद चुकले आहे. तोंड मी वाकडे केले नव्हते, ताई. ते झाले होते.

त्या सकाळी चूळ भरली, तर पाणी एका बाजूने सांडले. कानामागे ठणकत होते. आरशात पाहिले, तर आरशात बाबा. त्यांचेही असेच सुरू झाले होते ना, आधी तोंड, मग हात. मी दोन्ही हात वर करून पाहिले, बोटे हलवून पाहिली. हलत होती. म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला आणि निघालो. सासूबाईंची समजूत काढून तू मला बोलावले होतेस. आणि सातव्या महिन्यात तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो, की मला बाबांसारखे होते आहे? ती बाजू भिंतीकडे करून बसलो. तू स्वयंपाकघरात होतीस, तुला अर्धेच दिसले.

सासूबाईंना मात्र सगळे दिसले. मी हसलो, ते एकाच गालात. पापणी लवली, तीही एकाच डोळ्याची. त्यांना वाटले, डोळा मारला. त्यांनी पातेले खाली ठेवले, त्याचा आवाज उजव्या कानात घणासारखा बसला. मी कानावर हात ठेवला, आणि नेमक्या तेव्हाच त्या मला चार शब्द समजुतीचे सांगत होत्या. मग त्यांनी "चव कशी आहे?" असे विचारले आणि मी घाबरून खरे बोलून गेलो, "चव लागत नाही." वर पाणी त्यांच्या नव्या टेबलक्लॉथवर सांडले. एवढा अपमान ठरवून करायचा, तर माणसाला आठवडाभर तालीम करावी लागेल.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भुवया वर करा." उजवी हलेना, कपाळावर त्या बाजूला एकही आठी पडेना. त्या म्हणाल्या, "हे बरं लक्षण आहे." मला वाटले, थट्टा करतात. मग त्यांनी समजावले. मेंदूचा झटका असता, तर बहुधा कपाळ शाबूत राहिले असते. कपाळासकट अर्धा चेहरा लुळा पडतो, तेव्हा बिघाड सहसा चेहऱ्याच्या नसेत असतो. ताई, बाबांच्या कपाळावर शेवटपर्यंत आठ्या होत्या, दोन्ही बाजूंना. हे आठवले आणि मला तिथेच रडू फुटले. डॉक्टरीणबाईंनी पाणी दिले, तेही सांडले.

भिंतीवर एक तक्ता होता. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या. पहिली वासाची, दुसरी नजरेची. काही नुसती बातमी आत नेतात, काही नुसता हुकूम बाहेर आणतात, काही दोन्ही करतात. सातवी दोन्ही करते. चेहरा हलवते, जिभेच्या पुढच्या भागाची चव पोचवते, आणि मोठे आवाज कानात दबवणारा एक इवलासा स्नायूही तिच्याच हाताखाली. कानामागच्या हाडातल्या चिंचोळ्या वाटेत ती सुजून अडकली आहे. तक्त्यावर 'स्नायू'चा यू ऱ्हस्व छापला होता. मी काही बोललो नाही.

गोळ्या चालू आहेत. डोळ्यात थेंब घालतो, झोपताना पापणी चिकटपट्टीने बंद करतो. बहुतेकांचे काही आठवड्यांत, महिन्यांत सुधारते, काहींचे थोडे राहून जाते. माझे कुठले, ते डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. मी पुन्हा पुन्हा विचारले, तर म्हणाल्या, "माझ्या हातात असतं तर लिहून दिलं असतं." मालकांनी मला आतल्या खोलीत बसवले आहे. "गिऱ्हाईक म्हणतं, पोरगा डोळा मारतो. दुकान बंद पाडशील माझं."

सरळ झालो की येईन, असे लिहायला बसलो होतो. पण राहिलेच वाकडे, तर काय बाळ शाळेत जाईपर्यंत पत्रेच पाठवत बसू? रविवारी येतो. सासूबाईंना हे वाचून दाखव. त्यांचे मन झाले तर आत घ्यावे, नाहीतर दारातून तुला पाहून परत जाईन, त्याचे वाईट वाटून घेऊ नकोस.

एवढेच त्यांना सांग, की तो हसेल ते अर्धे दिसेल, पण सबंध धरावे.

तुझा,
धाकटा