एकशे तेरावं कार्ड

२४ एप्रिल
मुलं एक मेला येणार. तीस दिवस फक्त माझी. त्यांच्या आईने फोनवर बजावलं की पुढच्या सुट्टीपासून निवासी कॅम्प की बाबांचं घर, हे मुलंच ठरवतील. ठरवू देत! मी ग्रंथपाल आहे. मुलांची सुट्टी कशी आखावी यावर आमच्या लायब्ररीत सात पुस्तकं आहेत. सातही आज स्वतःच्या नावावर घेतली. एका वेळी तीनच मिळतात, पण तो नियम वाचकांसाठी. वाचायला उद्यापासून आठवडाभर रजाही टाकली. कॅम्पवाल्यांकडे असून असून काय असतं? शिट्टी.

२७ एप्रिल
वाचून झालेली सहाही पुस्तकं एकच सांगतात: पूर्वतयारी. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला मी नाही. प्रत्येक खेळाचं एक कार्ड करायचं, तेही अकारविल्हे, म्हणजे शोधायला सोपं. आज 'चिखलाचे खेळ' 'पाणी'खाली टाकावेत की 'माती'खाली, यावर दीड तास गेला. शेवटी दोन कार्डं केली.

१ मे
आली! मोठी आता अकराची, धाकटा सात. मोठी माझ्या खांद्याला लागली. धाकट्याने बूट काढायच्या आत विचारलं की पोहायला कधी जायचं. त्याला नीट समजावलं की आपण अजून 'ग'वर आहोत, 'प' यायला वेळ आहे. हिरमुसला. शिस्त सुरुवातीला जड जातेच.

५ मे
रजा तयारीतच संपली. म्हणून मुलांना लायब्ररीत घेऊन बसतो. आज धाकटा एका चित्राला खदाखदा हसला. सगळे माना वर करून बघायला लागले, तेव्हा मलाच त्याला 'शांतता राखा'ची पाटी दाखवावी लागली. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या की बसून बसून पोरं कंटाळलीत, मी त्यांना तासभर बागेत नेऊन आणते. नको म्हटलं. बागेचं कार्ड अजून व्हायचंय, उगाच गोंधळ.

९ मे, रविवार
अपवाद म्हणून आज क्रम मोडला. गच्चीवर तंबू! पुस्तक हातात, चादरी, दोऱ्या, काठ्या, सगळं यादीप्रमाणे. पान ४६पर्यंत झकास. पान ४७ कुणीतरी फाडून नेलेलं. वाचक ही जातच नालायक. पुढचं अंदाजाने केलं. तंबू धाकट्यावर कोसळला, कपाळाला टेंगूळ. मोठी म्हणाली की नाचता येईना अंगण वाकडं. ही भाषा तिच्या आईची, मी लगेच ओळखली.

१४ मे
एक बाई तिसऱ्यांदा सुट्टीवरचं एखादं पुस्तक मागायला आल्या. सगळी बाहेर गेलीत असं सांगितलं. कोपराखालची चळत फाइलने झाकली होती. पण शेजारी मोठी बसलेली. तिने त्या बाईंना सरळ सांगून टाकलं की सगळी बाबाकडेच आहेत. घरचा भेदी! एक द्यावंच लागलं. 'रोज एक तास मुलांसोबत' दिलं. ते मी अजून उघडलंही नव्हतं.

१९ मे
कार्डं पूर्ण! एकशे बारा! नाश्त्यालाच डबा टेबलावर ठेवला आणि धाकट्याला म्हटलं, काढ कुठलंही. तो म्हणाला की तूच काढ. हल्ली पोहण्याचंही विचारत नाही. समजूतदार झालाय.

संध्याकाळी ६
आतल्या खोलीतून हसणं ऐकू आलं. दारातून बघितलं. धाकटा टेबलाशी बसून वहीत काहीतरी खरडत होता. मोठी येऊन विचारायची की बाबा, खेळायचं का? धाकटा मान वर न करता म्हणायचा की थांब जरा, एवढं होऊ दे. मग दोघंही पोट धरून हसायची. मग मोठी बाबा व्हायची आणि धाकटा विचारायला यायचा. अर्धा तास चाललं होतं.

वाचलेल्या सहाही पुस्तकांत हा खेळ नाही. कार्ड क्रमांक ११३ केलं: 'बाबा-बाबा. खेळाडू दोन. साहित्य: वही, पेन.' वाईट वाटलं. खूपच.

२३ मे
मोठीने सांगितलं की दोघांचं ठरलंय, पुढच्या वर्षी कॅम्प. मी विचारलं की तिथे असं काय आहे. म्हणाली की तिथे कुणीतरी आमच्याबरोबर खेळतं. रागावून नाही, अगदी समजुतीने म्हणाली, आजारी माणसाशी बोलतात तसं. आईला फोन तिनेच केला होता. उद्या न्यायला येतेय.

मी डबा पुढे केला. अजून सात दिवस हातात आहेत असं म्हटलं. 'प'चं कार्ड काढूनही दाखवलं. धाकट्याने बॅग भरता भरता सांगितलं की आता राहू दे बाबा.

२४ मे
मुलं गेली. जिन्यात धाकट्याने वळून हात हलवला, मोठीने नाही. घर लायब्ररीपेक्षा शांत आहे आणि पाटीही लावलेली नाही.

शांतपणे विचार केला. चूक सापडली. तयारीला वेळच कमी मिळाला. आता पुढच्या एक मेपर्यंत चांगले तीनशे बेचाळीस दिवस आहेत. मुलं येणार नाहीत, तेवढं सोडलं तर या खेपेला सगळं जमून येईल.