मधली रिकामी जागा

मुलचेरा, डिसेंबर १९९८

तीर्थरूप बाबांना नंदिनीचा जयभीम.

मी बरी आहो. चित्रशिबिराचं हे शेतातलं घर जंगलाले लागूनच आहे. सकाळी धानाच्या बांध्यांतून धुकं इतकं हळू उठते, का ब्रश हातातच राहून जाते.

तुमचा लकवा मारलेला हात आता उचलता येते का? आई तेल लावून देते ना?

काल मी सागाचं जंगल रंगवलं. शिबिरातले सर म्हणाले, "मधात जागा रिकामी काऊन सोडली?" मले हासू आलं. तुमच्यासंग नाटकाचे पडदे रंगवून सवयच लागली. मधात नट उभे राहतेत ना!

सर म्हणाले, भरून टाक. मी नाई भरली. तिथं तुमाले उभं करून पाह्यते, तं तुम्ही तोच हात वर करून म्हणता, "पोरी, आभाळ अजून वर घे."

तुमची,
नंदिनी