रंगरूटची सलामी

तासगाव, ६ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांच्या चरणी संयोगिताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आई निम्मं गाळून सांगते, म्हणून पत्रच लिहितेय. भाऊबीजेला आपल्या रंगरूटनं सासूबाईंच्या अंगावर उडी घेतली आणि त्या पायरीवरून पडल्या, ते तुमच्यासमोरच झालं. मनगटाचं हाड मोडलंय, दीड महिना प्लास्टर आहे. त्यांनी आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाल्या की ते कुत्रं त्या अंगणात आहे तोवर सूनबाई बाळंतपणाला तिकडे जाणार नाही. त्यांची चूक तरी काय काढू? गेल्या वर्षी चौथ्या महिन्यात मूल गेलं. आता सहावा चालू आहे.

मला आईजवळ यायचंय, बाबा. इथे कुणी वाईट वागवत नाही, पण भीती वाटली की सांगायला आईच लागते. १८ डिसेंबरला निघायचं ठरलं होतं. तोवर रंगरूटचं काय ते तुम्ही बघा. त्याच्यावर माया करता, त्यातली थोडी इकडेही वळू द्या.

तुमची,
संयोगिता

फलटण, ११ नोव्हेंबर

चि. सौ. संयोगितास बाबांचे भरभरून आशीर्वाद.

पत्र पोचलं. विहीणबाईंना माफीचं वेगळं पत्र धाडलंय. कुत्रं चावरं नाही हे तुला माहीत आहे. माणूस दिसलं की त्याला आनंद होतो, एवढाच त्याचा गुन्हा. पण तुझी आई आता ऐकायला तयार नाही. बिराप्पा धनगराची मेंढरं आपल्याच रानात बसलीत. दत्तजयंती झाली की तो पुढे निघेल आणि रंगरूटला घेऊन जाईल, असं तिनं परस्पर ठरवलंय. मग तो पुन्हा दिसायचा नाही.

उपाय चालू आहेत. उडी मारली की छातीत गुडघा घाला, असं शेजारच्या अर्जुनानं सांगितलं. दोनदा घातला. तो केकाटला आणि तिसऱ्यांदा उडी मारून त्यानं माझंच तोंड चाटलं. मला माझीच लाज वाटली. तुझी आई लाटणं घेऊन ओरडत धावते, तर त्याला वाटतं खेळ मांडलाय. अठ्ठावीस वर्षं तोफखान्यात पोरं शिस्तीत आणली, हा एक आवरत नाही. तू जड काही उचलू नकोस.

तुझा,
बाबा

तासगाव, १६ नोव्हेंबर

ती. बाबांना सा. न.

गुडघा घालणं आधी बंद करा. आमच्या म्हशीला बघायला डॉ. ज्ञानदा येतात, त्यांना सगळं विचारलं. त्या म्हणाल्या, कुत्री भेटली की तोंडाला तोंड लावतात. माणसाचं तोंड पडलं उंच, म्हणून उडी. आपण ढकललं काय, ओरडलं काय, त्याला हवं ते मिळतंच. आपण त्याच्याकडे बघतो, हात लावतो. तेव्हा उडी मारली की पाठ फिरवून उभं राहायचं. बघायचं नाही, बोलायचं नाही. चारही पाय जमिनीला टेकले की लगेच थोपटायचं, भाकरीचा तुकडा द्यायचा. आल्यागेल्यालाही दारातच हे सांगायचं. आणि घरातल्या एकानं जरी चोरून लाड केले तरी सगळं मुसळ केरात.

रागावू नका, पण ही सवय लावली कुणी? तुम्ही स्वतःच्या छातीवर दोनदा थाप मारायची आणि त्यानं खांद्यांवर पंजे टाकायचे, ही सलामी गावभर दाखवलीत. तेव्हा तो पिल्लू होता आणि टाळ्या मीच पिटल्या. आता तो अठ्ठावीस किलोचा आहे. बाबा, मन घट्ट करा, एवढंच मागते.

संयोगिता

फलटण, ५ डिसेंबर

चि. सौ. संयोगितास आशीर्वाद.

जावईबापू परवा मुक्कामाला होते. काय झालं ते तुला कळलं असेल, पण माझ्याकडूनही कळू दे. दोन आठवड्यांत रंगरूट खरंच सुधारला होता. इंद्रजितराव आले तेव्हा नुसता शेपूट हलवत बसून राहिला. ते खूश होते. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गोठ्यामागे आले आणि त्यांनी मला पकडलं. मी छातीवर थाप मारत होतो आणि रंगरूटचे पंजे माझ्या खांद्यांवर होते. मी रोज पहाटे हेच करत होतो. ते चहा न घेता गेले. त्याच सकाळी तो पोस्टमनच्या अंगावर उडाला.

का, म्हणशील. कान गेल्यापासून घरात माझ्याशी कामापुरतंच बोलतात. चार माणसं हसली आणि मी काय झालं विचारलं, की नंतर सांगतो म्हणतात. ते नंतर कधी येत नाही. या एका जीवाला माझ्या तोंडाजवळ यावंसं वाटतं. दिवसभर त्याला पाठ दाखवली, पहाटे दाखवता आली नाही. कुणी पाठ फिरवली की कसं वाटतं ते मला ठाऊक आहे.

पण तुझ्या पोटातल्या जिवापुढे हे काहीच नाही. १४ तारखेला बिराप्पाच्या हाती साखळी देतो. तू बिनघोर ये.

बाबा

तासगाव, ८ डिसेंबर

ती. बाबा, सा. न.

तुमचं पत्र वाचून आधी संताप आला, मग रडले. ‘नंतर सांगते’ म्हणणाऱ्यांत मी पहिली. मला माफ करा.

पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, मानसं बोलंनात म्हणून कुत्र्याच्या गळ्यात पडायची पाळी आली व्हय इवायांवर. त्यांनी एकच सवलत दिलीय. दत्तजयंतीला आपल्या अंगणात औदुंबराखाली आरती असते, गाव लोटतं. त्या दिवशी रंगरूटला मोकळा ठेवायचा. एकाच्याही अंगावर गेला तर तो बिराप्पाचा, आणि तो गेला असं कळेपर्यंत मी इथून हलायचं नाही.

डॉ. ज्ञानदा म्हणाल्या, लाड जरूर करा, पण त्याला वर बोलावू नका, तुम्ही खाली बसा. थाप कायमची बंद. सहा दिवस आहेत, बाबा. गुडघे दुखतील, पण बसा.

संयोगिता

फलटण, १५ डिसेंबर

चि. सौ. संयोगितास खूप खूप आशीर्वाद.

पहाटे गोठ्यामागे पोतं टाकून खाली बसत होतो. पहिल्या दिवशी तो गोंधळून माझ्या डोक्यावरून उडाला. चौथ्या दिवशी समोर बसला आणि गालाला गाल लावला. पण ते आम्ही दोघंच असताना.

काल अंगणात साठेक माणसं होती. फाटकाशी बिराप्पा दोर घेऊन उभा. झांजा सुरू झाल्या आणि रंगरूट थरथरायला लागला. अर्जुनाची लहान नात पेढ्यांचं ताट घेऊन त्याच्यासमोरून निघाली. त्याचे पुढचे पाय उचललेले मी पाहिले. झांजांत हाक ऐकू गेली नसती. आरतीत कुणी बसत नाही, पण मी जिथं होतो तिथंच मांडी घातली. लोक बघायला लागले. तो पोरीला वळसा घालून आला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिला. कुणाच्या अंगावर गेला नाही. विहीणबाईंना तसं सांग, साक्षीला सगळं गाव आहे.

बिराप्पाकडे तुझी आई गेली. काहीतरी बोलली, त्याच्या हातात भाकरी दिली, आणि तो दोर खांद्यावर टाकून मेंढरांकडे निघून गेला. माणसं पांगली तरी मी खालीच होतो, गुडघे आखडले होते. काय बोललीस, असं मी तिला विचारलं. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली, तोंडाकडे तोंड करून, आणि सगळं सांगितलं. बिराप्पाला काय म्हणाली, मी खाली बसलो तेव्हा बायका का हसल्या, तुझ्यासाठी कुठली खोली काढलीय. दिवे विझेपर्यंत सांगत होती.

तिला ओरडावं लागलं नाही. मला शब्द न् शब्द कळला.

तुझा,
बाबा