अक्षरं दिसेनात तेव्हा

आई,

गेल्या महिन्यात मी घरातला कॉम्प्युटर अपग्रेड करायला घेतला आणि अशी घाबरले की ती भीती अजून पुरती गेलेली नाही. घरात सांगून झालं. लेक हसली. नवरा "झालं ना आता नीट?" म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवून बसला. म्हणून तुला सांगतेय. तू गेलीस तेव्हा आपल्या जोगेश्वरीच्या घरात कॉम्प्युटर नव्हता, तेव्हा आधी एवढं समजून घे, की यात मशीन बदलत नाही. टेबल तेच, पडदा तोच, कीबोर्डही तोच. आतून जी हे सगळं चालवते ती ऑपरेटिंग सिस्टीम तेवढी नवी घालायची. माणसं आत राहत असताना इमारतीचा पाया बदलायचा, तसलाच प्रकार. मी या मशीनवर बोरिवलीच्या घरात बसून मराठी टायपिंगची कामं घेते, छपाईसाठी पुस्तकं जुळवून देते. तुझाच धंदा म्हण ना, फक्त टाइपरायटर नाही.

माझी सिस्टीम जुनी झाली होती. रोज सकाळी पडद्यावर निळी चौकट यायची, की आता हिची देखभाल बंद होतेय, नवी घ्या. मी ती चौकट बंद करायचे, जशी दारावर आलेल्या सेल्समनला "नको हो" म्हणून कडी लावावी. पण मग बँकेचं पान उघडायचं थांबलं. लेक म्हणाली, "आई, जुनं ठेवलंस तर कोण कुठून आत शिरेल सांगता येणार नाही. एक दिवस खातं साफ होईल, मग रडत बसशील." म्हणजे नवं केलं तर भीती आणि नाही केलं तरी भीती. लेकीने एका रविवारी बसून सगळ्या फायली एका वेगळ्या डिस्कवर उतरवून दिल्या आणि वर म्हणाली, "आता सगळं सेफ आहे. बटण दाब आणि गप्प बस. काही होत नाही गं."

मला भीती माझी नव्हती, आई. त्या मशीनमध्ये सिस्टरचं पुस्तक होतं. सिस्टर म्हणजे आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्या बाई. कुडाळकडच्या. सगळी नोकरी बाळंतपणाच्या इस्पितळात झाली, लग्न केलं नाही, आणि आता काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेत. दीड वर्षापूर्वी लिफ्टपाशी माझा हात धरून म्हणाल्या, "तू टायपिंग करतस ना गो? माका एक पुस्तक सांगूचा आसा." तेव्हापासून दुपारी त्या वर येतात, माझ्या बाजूच्या खुर्चीत बसतात आणि बोलतात. मी थेट टाइप करते. त्यांच्या हातून मोकळ्या झालेल्या बायका, कोण किती ओरडली, कोणी अजिबात तोंड उघडलं नाही, कोणाचा नवरा जिन्यात बसून रडला. कागदावर यातलं एक अक्षर नाही. जे आहे ते त्यांच्या डोक्यात आणि माझ्या मशीनमध्ये.

अपग्रेडला मी सोमवारची सकाळ निवडली. घरात कोणी नव्हतं. देवाला नमस्कार केला, हसू नकोस, आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला. मधोमध पांढरे ठिपके गोल फिरायला लागले आणि खाली ओळ आली, की कॉम्प्युटर बंद करू नका. ती ओळ वाचली आणि मला एकदम तुझं अंधेरीचं ऑफिस डोळ्यांसमोर आलं. माझी शाळा लवकर सुटलेली, मी तुझ्याकडे आलेय. हॉलमधले टाइपरायटर उचलून जिन्याखाली रचून ठेवलेत आणि तुझ्या टेबलावर प्लास्टिक घातलेला कॉम्प्युटर आहे. तू त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसली आहेस. तुझे हात असे रिकामे मी कधी पाहिलेच नव्हते. त्या संध्याकाळी तू ओट्याशी नारळ खवत होतीस आणि मध्येच थांबून म्हणालीस, "अक्षर पडद्यावर दिसतं, ते ठीक. पण ते असतं कुठे? कागदावर नाही, रिबिनीवर नाही. लाइट गेली की जातं कुठे?" मला तेव्हा शाळेत कॉम्प्युटर होता, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, काही होत नाही गं. तू खवणीवरून मान वर केलीस. "काही होत नाही असं तोच म्हणतो, ज्याचं काही जाणार नसतं." इतकी तिखट तू क्वचितच बोलायचीस. पुढे काही दिवसांनी ऑफिसात खरंच लाइट गेली आणि तुझं दिवसभराचं काम गेलं. तू घरी येऊन चप्पल न काढता खाटेवर बसून राहिलीस.

तर ठिपके फिरतायत आणि इंटरकॉम वाजला. वॉचमन. "मॅडम, जरा लाइट बंद करतोय पूर्ण विंगची. मीटरचं काम आहे." माझ्या मशीनच्या यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. वीज गेली असती तर अर्ध्यावरच सगळं मेलं असतं. "थांबा! हात लावू नका!" मी ओरडले, आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली पळत सुटले, गाऊनवर ओढणी टाकून. वायरमनने मीटररूमचं दार उघडलेलं, हातात टेस्टर. मी दोन्ही हात पसरून त्या दारात उभी राहिले. खरंच राहिले.

"आज नाही. वर काम चालू आहे."

"अहो मॅडम, पाच मिनिटांचं काम आहे. वर काय ऑपरेशन चालू आहे का?"

"हो, ऑपरेशनच चालू आहे," मी म्हटलं, आणि माझा आवाज फाटला. तो दचकलाच. "कोणाचं?" म्हणाला.

आरडाओरडा ऐकून सिस्टर भिंतीला हात लावत आपल्या घराच्या दारात आल्या. "काय झाला गो? कित्याक आरडतस?" मी सांगितलं, कॉम्प्युटर नवा होतोय, आत्ता वीज जाऊन चालणार नाही.  त्या म्हणाल्या, "माजा पुस्तक त्यातच आसा मां?" मी म्हटलं, आहे, अगदी सुरक्षित आहे. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता ते बरं झालं. सिस्टर वायरमनकडे वळून म्हणाल्या, "तू बस हयसर. चाय घे. तिचा होऊ दे, मग कर तुजा काय ता." तो निमूट बसला.

वर आले तर ठिपके गेले होते. नवा पडदा, निळंशार पाणी, डोंगर, सगळं झकास. मी वॉचमनला फोन करून आता लाइट बंद करा म्हणून सांगितलं, मशीन नीट बंद केलं आणि काळ्या पडद्यासमोर खुर्चीत बसून एकटीच हसत सुटले. वीज आली तशी मशीन पुन्हा लावलं आणि माझं मराठीचं सॉफ्टवेअर उघडायला गेले. ते उघडेना. हे जुनं सॉफ्टवेअर आहे, आई. मशीनच्या मागे एक बोटाएवढं कुलूप खोचावं लागतं, ते ओळखलं तरच चालतं. नव्या सिस्टीमने ते ओळखलंच नाही. काढून लावलं, पुसून लावलं, दुसऱ्या भोकात लावलं. नाहीच. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडलीय, विचारणार कोणाला? मग सिस्टरची फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहिली. पानंच्या पानं भरलेली होती, पण त्यात मराठी नव्हतं. इंग्रजी अक्षरांना टोप्या, शेपट्या, उलटी प्रश्नचिन्हं, डॉलर, कंस. लेकीने उतरवून दिलेली डिस्क लावली. तिथेही तेच. सगळं सेफ होतं आणि वाचता एक शब्द येत नव्हता.

 अंधेरीला ऑफिसात असलेल्या लेकीला फोन केला. ती सवयीने म्हणाली, "काही होत नाही गं आई, रिलॅक्स." आणि माझ्या तोंडून तुझंच ते खवणीवरचं वाक्य निघालं, त्याच तिखट आवाजात.  मग ती हळूच म्हणाली, "सॉरी. मशीनला हात लावू नकोस. मी विचारून सांगते." थोड्या वेळाने तिचा फोन आला. नवी सिस्टीम घातल्यावर थोडे दिवस मागे जायची सोय असते म्हणे, जुनी सिस्टीम जशीच्या तशी परत येते. मालाडला आमचा एक रिपेअरवाला आहे, त्याला मी विचारलं. तो म्हणाला, "येते परत. बहुतेक वेळा येते. पण मॅडम, गॅरंटी नाही देणार. मध्ये अडकली तर वाट लागली समजा."

मी ठरवत बसले होते आणि बेल वाजली. सिस्टर. दुपार झाली होती, त्यांची वेळ. खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, "वाच बगू, खय इल्लव आपण?" रोज आधी मागचं थोडं वाचून दाखवायचं, मग त्या पुढे बोलणार, असा आमचा शिरस्ता. मला थाप मारता आली असती. पण पडद्यावर त्या शेपट्या होत्या. शेवटी सांगितलं सगळं.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा चेहरा मात्र माझ्यासमोर लहान झाला, आई. म्हणाल्या, "माका परत सगळा सांगूक जमाचा नाय. एकदा सांगल्यार ता माज्यातसून जाता." मी म्हटलं, मागे जायचा एक मार्ग आहे, पण त्यात आणखी बिघडू शकतं. त्यांनी हात पुढे केला, चाचपडत माझं मनगट धरलं आणि दोन बोटं नाडीवर ठेवली. मनातल्या मनात ठोके मोजले. मग म्हणाल्या, "तुजी नाडी माज्यापेक्षा जोरात धावता. भियालंस?" मी हो म्हटलं. "मी पण," त्या म्हणाल्या. "प्रत्येक खेपेक भियाचंय मी. पोराचा डोक्या दिसाक लागला की हात थरथरायचे. पण तेव्हा दार उघडून पळान जाऊक गावत नाय. दाब तुजा बटान."

मी दाबलं. पडदा पुन्हा काळा. पुन्हा ते ठिपके. या वेळी मी हलले नाही, कारण मनगट त्यांच्या हातात होतं. खाली कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, तिचं ते मूर्ख संगीत वाजत होतं. मला तू दिसत होतीस. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्या नव्या कीबोर्डच्या चौकटी आखून, भात शिजेपर्यंत ओट्यावर त्या कागदावर बोटं चालवणारी. मी तेव्हा अभ्यास करत होते आणि मला वाटायचं, आई किती हौसेने शिकतेय. हौस नव्हती ती. आता कळतं. तुझे ओठ कसे मिटलेले असायचे ते आता आठवतं.

जुना पडदा परत आला. कुलपाचा छोटा लाल दिवा लागला. फाइल उघडली आणि पहिली ओळ मराठीत आली. मी ती मोठ्याने वाचली आणि वाचता वाचता रडले. सिस्टरनी मनगट सोडलं. म्हणाल्या, "झाला. आता नाळ काप." म्हणजे काय ते मला कळेना. मग त्याच हसल्या. "छापून घे गो सगळा, कागदार. आधी."

त्याच दुपारी सगळं छापून घेतलं. प्रिंटर तापला, शाई संपत आली, शेवटची पानं फिकट निघाली. सिस्टर तो गठ्ठा छातीशी धरून घरी गेल्या. वाचता येणार नाही, तरी घेऊन गेल्या.

आता हे मशीन इंटरनेटला लावत नाही. बँकेचं लेकीच्या लॅपटॉपवर करते. मजकूर नव्या पद्धतीच्या अक्षरांत बदलून घ्यायची सोय लेकीने शोधलीय, पण त्यात वेलांट्या भलत्या अक्षरांना चिकटतात, रफार पुढे सरकतो. 'गर्भ'चा 'गभर्' होतो. म्हणून सिस्टर आणि मी पहिल्या पानापासून पुन्हा वाचतोय. मी वाचते, त्या ऐकतात, कधी म्हणतात, "असा नाय झालेला, खोड ता." अर्ध्यापर्यंत आलोय. पुस्तक आधीपेक्षा चांगलं होतंय, असं मला वाटतं. पण हे मशीन किती दिवस तग धरेल ते कोणालाच माहीत नाही.

हे पत्र कुठे टाकायची सोय नाही आणि पाकीटही मी आणलेलं नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. दुपारी सिस्टर येऊन बसल्या की मी मशीनचं बटण दाबते आणि ते सुरू होताना बघायला तिथे थांबत नाही. चहा टाकते म्हणून सांगते आणि आत जाते. चहा आधीच झालेला असतो.