बाकाखालची दोघं

तोक्यो, नेरिमा
१४ फेब्रुवारी १९८०

ती. ताईस,
रेइजीचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर पाहून घाबरू नकोस, डाव्या हाताने लिहितो आहे. पेपरात आलं त्यापेक्षा जरा जास्त लागलंय, पण जीव शाबूत आहे. परवा स्टुडिओच्या दाराशी एक विशीतला पोरगा उभा होता. वही पुढे करून सही मागितली. मी वाकलो तोच त्याने पिशवीतून मासे कापायची सुरी काढली. पहिला वार मी हातावर झेलला, दुसरा खांद्यात बसला. चित्रं रंगवणाऱ्या मुलींनी बादल्यांनी झोडपून त्याला पाडलं. पोलिसांना तो सांगत होता की कानामेला मारणाऱ्याला जगायचा हक्क नाही. कानामे म्हणजे माझ्या मालिकेतला वैमानिक. गेल्या महिन्यात मी त्याला विमानात जाळून मारला. आता माझ्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत.

पंधरा वर्षं मी मंगळावरच्या कादंबऱ्या लिहिल्या, तेव्हा कुणी साधा खडाही मारला नाही. टीव्हीवर चित्रं हलायला लागली आणि माणसं सुऱ्या घेऊन यायला लागली. याला प्रसिद्धी म्हणतात.

मार्चअखेर मालिका संपते. शेवटून दुसऱ्या भागात मी युद्धातली आपली ती आगगाडी घातली आहे. गाडी मंगळावरची, वरून यंत्र गोळ्या झाडतंय, आणि एक बाई दोन अनोळखी पोरांना पोटाशी घेऊन त्यांच्यावर आडवी होते. पस्तीस वर्षं ती बाई माझ्या डोळ्यांपुढून हललेली नाही. प्रसंगांची कच्ची चित्रं सोबत पाठवतो. तिचा चेहरा मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर कळव.

गार पाण्यात फार वेळ हात घालू नकोस. तुझी माया आहे तशी राहू दे, मी तिच्यावरच उभा आहे.

तुझा,
रेइजी


उवाजिमा
२२ फेब्रुवारी १९८०

चि. रेइजीस अनेक आशीर्वाद.

तुझं डाव्या हाताचं अक्षर उजव्यापेक्षा बरं आहे, हे आधी सांगते. बातमी ऐकली तेव्हा माशाच्या वड्यांचा अख्खा घाणा करपला. दुकानातल्या बाया म्हणाल्या, जाऊन या, पण तुझं पाकीट आलं आणि माझे पाय जागीच राहिले.

चित्रं पाहिली. तीन दिवस कपाटात ठेवली. रेइजी, ते तसं झालं नव्हतं.

पहिल्या फेरीत विमानाने डबा या टोकापासून त्या टोकापर्यंत गोळ्यांनी शिवून काढला. समोरच्या म्हाताऱ्याचं डोकं फुटून तुझ्या मांडीवर आलं, म्हणून मी तुझे डोळे दाबले. ती बाई वाटेत पडली होती. मांडीत गोळी, पण शुद्धीवर होती. विमान परत वळताना आवाज बदलतो, तो मला कळला. मी तुला बाकाखाली ढकललं, स्वतः शिरले, आणि तिला बगलेत धरून आपल्यापुढे ओढलं, वाळूचं पोतं ओढावं तशी. ती म्हणत होती, पोरी, सोड मला, दाराकडे जाऊ दे, माझा मुलगा स्टेशनवर थांबलाय. ती माझ्या हाताला कडकडून चावली. मी सोडलं नाही. दुसऱ्या फेरीत गोळ्या तिच्यात घुसल्या, त्यांचे धक्के मला तिच्या पाठीतून लागत होते.

घरी चालत येताना तू विचारलंस की ती कोण होती. मी म्हटलं, देवमाणूस, तिने आपल्याला वाचवलं. तू सात वर्षांचा होतास आणि मी चौदाची.

तेव्हा सगळ्यांच्या छातीवर नाव, गाव, रक्तगट शिवलेला असे. तिचं नाव तोमि सुगाया, गाव ओझु. कपाळ रुंद होतं, डाव्या भुवईत तीळ. तिला देवी करू नकोस, एवढंच मागते.

खांद्याला जप. यापुढेही मला ताई म्हणावंसं वाटलं तर म्हण.

फुमिए


तोक्यो, नेरिमा
४ मार्च १९८०

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

ताईच म्हणणार, दुसरं काय म्हणू.

पत्र वाचून मी आधी तुझ्यावर चिडलो, मग खुर्ची उचलून खिडकीवर घातली. माझ्या अकराही पुस्तकांत एक बाई हसत हसत दुसऱ्यासाठी मरते. ती सगळी त्या तुझ्या एका वाक्यातून आलेली.

निर्माता निशिवाकी याला सांगितलं की प्रसंग बदलतोय, पोरगी जखमी बाईला ओढून घेते. तो म्हणाला, बघणारी पोरं आहेत, खेळणीवाले मालिकेला लावलेले पैसे काढून घेतील. मी म्हटलं, मग माझं नाव काढ. त्याने माझी कॉलर धरून भिंतीवर आपटलं. खांद्याचे टाके उसवले, त्याचा सदरा रक्ताने भरला. ते बघून तो खालीच बसला. तिथूनच म्हणाला, आमचं गाव जळलं तेव्हा आईने मला मागे वळून बघू दिलं नव्हतं, ती कुणाला सोडून आली ते तिने कधी सांगितलं नाही. मग म्हणाला, काढ तुला हवं ते, खेळणीवाल्यांचं मी बघतो.

बाई चावते, ते चित्रात घेतलंय. पोरगी सोडत नाही, तेही. तिला मी खुनी केलेलं नाही, ताई, आणि देवीही नाही. ती चौदा वर्षांची आहे, एवढंच दाखवलंय. तू तिला सोडलं असतंस तर हे लिहायला मी नसतो. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

लोभ ठेव, आणि रागवायचं असेल तर तेही लिही.

तुझा,
रेइजी


उवाजिमा
१९ मार्च १९८०

चि. रेइजीस आशीर्वाद.

तू चित्रात काढलंस, मग मी तोंडाने सांगायला हवं होतं. काल ओझुला गेले. तोमिबाईंचा मुलगा कियोहिको चव्वेचाळीस वर्षांचा आहे, सायकलींचं दुकान चालवतो. टायरांमध्ये उभी राहूनच मी सगळं सांगितलं, तुझ्या मालिकेतल्या प्रसंगासकट. तो हातात पाना घेऊन ऐकत होता. संपल्यावर त्याने मला अशी थोबाडीत दिली की ओठ फुटला आणि कान अजून वाजतोय. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा बायकोने त्याला मागून मिठी मारून धरलं.

मग त्याने विचारलं, ती काय बोलत होती. मी सांगितलं. तो म्हणाला, त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं की आईला काही कळलंच नाही, लगेच गेली. तो तीन दिवस स्टेशनवर बसून होता, म्हणाला. मला म्हणाला, जा, आणि परत या दारात येऊ नकोस.

त्याची बायको ओला फडका देऊन बसथांब्यापर्यंत आली. बस हलणार इतक्यात तो धावत आला. मला वाटलं, आता ओढून खाली काढतो. त्याने काचेवर थाप मारली, मी खिडकी सरकवली, तर दम खात विचारलं की तो भाग कुठल्या दिवशी, किती वाजता लागणार.

शनिवारी साडेपाचला, मी सांगितलं. खिशातलं पेन काढून त्याने ते तळहातावर लिहून घेतलं.

काळजी घे. आणखी काय लिहू.

तुझी ताई,
फुमिए